जाळायला चोख सोनं

काचेच्या शेडात राबलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. शेड कितीही झाडा, घरी गेल्यावर धोतराच्या घोळातनं काचेचा एखादा बारीक तुकडा निघतोच. टोचल्याशिवाय तो कळत नाही. आमच्या शेडातले किस्से तसेच आहेत. मी काही मुद्दाम गोळा केले नाहीत. बसल्या बसल्या एखादा टोचतो, मग सांगावा लागतो.

मी दौंड तालुक्यातल्या राहूचा. शाळेच्या आवारात लहानपणी गेलो तो चुकलेली शेरडं हुडकायला. अक्षरं शिकलो म्हातारपणी, नातीपाशी बसून. म्हणून सावकाश लिहितो. तुम्हीही सावकाश वाचा, घाई कुणाला आहे!

तर शिक्रापूरला रफिकची शेड होती. रफिक शिरूरचा. त्याचे वडील शिरूरच्या बाजारात बायकांना बांगड्या भरायचे. रफिक एका कंपनीत प्रयोगशाळेच्या नळ्या फुंकायला शिकला आणि एक दिवस नोकरी सोडून त्यानं स्वतःची ज्योत पेटवली. मी तिथं भट्टी सांभाळायचो. गरम काच एकदम गार झाली तर तडकते, तिला दमानं गार करावं लागतं. रफिक म्हणायचा, "ह्या कामाला आबांइतका थंड माणूस तालुक्यात न्हाई!" तिसरी शोभा, शिक्रापूरचीच, पॅकिंगला. हातानं जेवढी जलद, तेवढीच तोंडानं.

पुण्याच्या एका मॅडमनी परदेशातली ऑर्डर आणली. काचेची लॉकेटं करायची आणि त्यांना सोन्याची धुरी द्यायची. बाळंतिणीला ओव्याची धुरी देतात ना, तशीच. काचेच्या कांडीच्या टोकाला मोहरीएवढं सोनं चिकटवायचं आणि मोठ्या ज्योतीत धरायचं. सोनं वितळतं, मग उकळतं, मग त्याचा धूर होतो. तो धूर तापल्या काचेवर बसला की काच गुलाबी होते. सोनं गेलं, रंग राहिला. एवढाच धंदा!

नमुने पास झाले तर वर्षभराची ऑर्डर. नाही झाले तर शेडला कुलूप. रफिकच्या जुन्या साहेबानं सांगून ठेवलं होतं, "दिवाळीपर्यंत परत आलास तर जागा आहे. नंतर येऊ नकोस." म्हणजे दिवाळीच्या आत ठरायचं होतं, रफिक मालक राहणार का पुन्हा शिफ्टला जाणार. आणि शोभा नि मी कामावर का घरी, हेही त्यातच आलं.

*

पहिलं सोनं आम्ही विकत घेतलंच नाही. रफिकच्या बायकोचं, शमीमचं, कानातलं एक फूल मोडलं होतं. रफिक म्हणाला, "मोडलेलंच हाय की, दे!"

तिनं दिलं. रफिकनं धुरी दिली. दुसऱ्या दिवशी मी भट्टीतनं लॉकेट काढलं, तर शोभा लांबूनच ओरडली, "अगं बया, ह्याला तर कावीळ झालीया!"

झालं होतं असं, की दागिन्याच्या सोन्यात तांबं असतं, जोडाला आणखी कसलं कसलं असतं. त्या सगळ्याचाच धूर झाला आणि सगळाच काचेवर बसला. धुरीला चोखच सोनं लागतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. शमीम दारात उभी होती. तिनं लॉकेट उजेडात धरलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"लग्नापासून माझ्या कानात व्हतं तवर सोनं व्हतं," ती म्हणाली. "तुमच्या हातात आलं आन् पितळ झालं!"

ही बातमी तिनंच शिरूरला नेली. रफिकच्या ज्योतीत सोन्याचं खरं-खोटं कळतं, असं गावभर झालं. मग काय, शेडावर बाया यायला लागल्या! कुणी नथ आणतंय, कुणी डोरलं. रफिक हात जोडून परत पाठवायचा.

कवठे येमाईच्या एक मामी मात्र हटेनात. त्यांनी कमरेची पिशवी काढली, पिशवीतनं रुमाल काढला, रुमालाची गाठ दातानं सोडली. आत मोहनमाळ. सुनेच्या माहेरनं आलेली.

"माझी विहीण लई चालू बाई हाय," मामी म्हणाल्या. "लाव हिला धुरी. कळू दे एकदा."

रफिक म्हणाला, "मामी, तपासायचं म्हंजी जाळावं लागतंय. चोख निघालं तर उरणार न्हाई."

"आन् खोटं निघालं तर?"

"तरी उरणार न्हाई."

मामींनी बराच वेळ ज्योतीकडं बघितलं. मग माळ रुमालात ठेवली, गाठ मारली, पिशवी कमरेला खोचली.

"विहीण माझी तशी चांगली हाय," त्या म्हणाल्या आणि एसटीला गेल्या.

*

आता चोख सोनं आणायचं कुणी? रफिक म्हणाला, "आबांना पाठवू. सोनार फसवायला लागला तरी आबा इतके सावकाश हायेत, की त्यालाच कंटाळा येईल!"

दौंडला नानांचं सोनाराचं दुकान. आमचं राहू तिकडचंच, म्हणून तोंडओळख होती. नाना म्हणजे काळी टोपी, पांढरी बंडी आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. मी बाकड्यावर टेकलो.

"काय करायचंय?" नानांनी विचारलं. सोनार पहिलं हेच विचारतो.

"चोख पाहिजे. तांबं नको, डाग नको."

"ते कळलं. पण करायचंय काय? अंगठी? मणी?"

"जाळायचंय."

नानांनी चष्मा काढला. "कुणी सांगितलं?"

"रफिकनं."

"हा कुठला देवऋषी?"

"देवऋषी न्हाई, नाना. काचेवाला हाय. काचेला धुरी द्यायचीय."

नानांनी दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांकडं बघितलं, मग आवाज खाली आणला. "आबा, बापजाद्यांपासून हे दुकान आहे. सोनं आम्ही घालायला देतो, मोडायला देतो, लेकीला द्यायला देतो, सुनेपासून लपवायलासुद्धा देतो. जाळायला देत नाही."

मी बरं म्हणालो आणि बसलो. मला बसता येतं. नानांनी गिऱ्हाइकं केली. घरी जाऊन जेवून आले. आले तरी मी बाकड्यावर! शेवटी त्यांनी मला चहा पाजला आणि सोन्याच्या तारेचा गुंजभर तुकडा कापला. कापताना त्यांचं चाललंच होतं.

"घडणावळ?"

"न्हाई."

"मोडायला परत आणणार?"

"धूर व्हणार, नाना. काय आणणार?"

"वजन कमी भरलं म्हणून घरातल्या बायका भांडायला येणार?"

"न्हाई येणार."

नाना तुकडा हातात धरून बसले. "घडणावळ नाही, मोड नाही, भांडण नाही," ते म्हणाले. "मग आबा, आपण बोलायचं कशावर?"

*

पुढच्या वेळी मी नानांना दाखवायला एक तयार लॉकेट नेलं. म्हटलं, म्हाताऱ्याला बरं वाटेल. सुंदर रंग आला होता, गुलाबाच्या पाकळीसारखा.

"हे काय?" नाना म्हणाले.

"तुमचं सोनं."

"गुलाबी?"

"व्हय."

नानांचा चेहरा उतरला. "आबा, माझं सोनं पिवळं असतं! हे तुम्हाला दुसऱ्या कुणी तरी दिलंय."

मी सांगून बघितलं, की चोख आहे म्हणूनच गुलाबी झालंय. पण ज्या माणसानं जन्मभर पिवळं ते चोख म्हणून विकलं, त्याला हे कसं पटावं! दुकानातल्या दोन बाया वळून बघायला लागल्या, तसे नाना जास्तच तापले. म्हणाले, "मी येतो. माझ्या हातानं सोनं देतो. माझ्या डोळ्यांदेखत जाळा."

दुकान बंद असायच्या दिवशी नाना खरंच आले. एसटीनं. बंडीच्या खिशावर हात ठेवून आले, तो हात शेडात बसेपर्यंत काढला नाही. शोभानं स्टूल पुसून दिलं. नानांनी तारेचा तुकडा रफिकच्या हातात दिला आणि पुढं वाकून बसले.

रफिकनं ज्योत मोठी केली. सोन्याचा गोळा झाला, दवाच्या थेंबासारखा. थरथरला. मग त्याच्या अंगातनं बारीक धूर निघाला, काचेवर गेला, आणि बघता बघता कांडीचं टोक रिकामं झालं.

"आता हे परत घट्ट कधी होणार?" नानांनी विचारलं.

"न्हाई व्हणार, नाना. संपलं."

नाना सावकाश उठले. त्यांनी टोपी काढली. आता सोनाराच्या डोक्यावरची टोपी मी कधी निघालेली बघितली नव्हती. रफिकनं घाबरून ज्योत बारीक केली. बाहेर हमरस्त्यावर ट्रकांचे हॉर्न तेवढे चाललेले.

"वेळ काय झाली?" नानांनी विचारलं. माणूस गेल्यावर विचारतात तसं.

शोभानं घड्याळात बघून सांगितली. नानांनी मान हलवली आणि काचेला हात लावायला पुढं झाले.

"आत्ताच नको, नाना," शोभा हळूच म्हणाली. "अजून अंग गरम हाय."

*

दौंडच्या ह्या खेपा मला घरी महाग पडल्या.

मी विधुर माणूस. माझी बायको जाऊन वर्षं झाली. आणि म्हातारा सारखा सोनाराच्या बाकड्यावर दिसतोय! त्यात पक्षपंधरवडा आला. त्या दिवसांत कुणी सोन्याकडं बघतसुद्धा नाही. मी एकटाच नानांच्या दुकानात. गावातले चार लोक दौंडला गाडी धरायला जातात, त्यातल्या कुणी तरी बघितलं.

आधी माझ्या सुनेला वाटलं, सासरे दिवाळीला तिलाच काही तरी करतायत. भाकरीवर लोण्याचा गोळा यायला लागला. मी काही बोललो नाही. लोणी चांगलं होतं.

मग गावातली बातमी घरात आली. लोणी बंद झालं!

एका संध्याकाळी माझा मुलगा दत्तू गोठ्यात आला, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "आबा, कोण हाय ती?"

"कोण?"

"दौंडची का शिक्रापूरची, तेवढं सांगा."

"आरं, म्हशीबद्दल बोलतोयस का?"

"आबा, सोनं कुणाला घालताय?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी त्याला खाली बसवलं आणि नीट समजावून सांगितलं. मी दौंडवरनं सोनं आणतो. चोख बघून, पारखून आणतो. मग रफिक ते जाळतो. त्याचा धूर होतो. तो धूर काचेवर बसतो. ती काच परदेशात जाते.

दत्तू डोक्याला हात लावून बसला. म्हशीनं सुद्धा रवंथ थांबवलं.

"आबा," तो शेवटी म्हणाला, "हे भायेर कुणाला बोलू नका. लोकांना लग्नाचंच वाटू द्या. त्यात थोडी तरी इज्जत हाय."

*

मॅडमचा नानांवर भरवसा नव्हता. "लोकल सोनं" म्हणायच्या. एकदा त्या स्वतःच पुण्याच्या मोठ्या शोरूममधनं सोन्याचं नाणं घेऊन आल्या. प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद, वर छापील कार्ड, चोवीस कॅरेट. "हे वापरा, आणि फरक बघा," म्हणाल्या आणि गाडीत बसून गेल्या.

रफिकनं पाकीट फोडलं. कात्री घेतली. नाणं उलटं केलं आणि कात्री खाली ठेवली.

नाण्यावर लक्ष्मी होती. कमळात बसलेली, हातातनं मोहरा पडतायत.

"आबा," रफिक म्हणाला, "तुम्ही कापा."

मी तर आधीच हात जोडले होते.

"मग मी तर न्हाईच," रफिक म्हणाला. "मला ह्याच गावात ऱ्हायचंय. उद्या कुणी इचारलं, लक्ष्मीला ज्योत कुणी लावली, तर नाव कुणाचं येईल?" मग त्यानं शोभाकडं बघितलं. "शोभाताई, तुम्ही तर बौद्ध. तुम्हाला लक्ष्मीचं काय?"

"आम्ही लक्ष्मी मानत न्हाई," शोभा म्हणाली. "पर सोनं मानतो!" आणि खोकी चिकटवायला निघून गेली.

नाणं दोन दिवस डब्यात पडून राहिलं. ज्योत बंद. रफिक शेडात येरझाऱ्या घालायचा. दिवाळी जवळ येत होती, मॅडमचे फोन यायचे, आणि लक्ष्मी डब्यात निवांत बसलेली. शेवटी मी ती उचलली आणि नानांकडं नेली.

नानांनी नाणं कपाळाला लावलं. "हिला जाळणार होता?"

"म्हणून तर आणली."

त्यांनी नाण्याच्या वजनाची तार कापून दिली. माझा चहा संपायच्या आत नाणं एका बारशाला विकलंही गेलं.

त्या तारेची लॉकेटं झाली. मॅडम बघायला आल्या. एकेक उचलून खिडकीत धरायला लागल्या. चेहरा नुसता फुललेला.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "मी सांगत होते ना! ब्रँडेड सोन्याचा रंगच वेगळा. तुमच्या दौंडच्या सोन्याला ही चमक येईल का?"

रफिक माझ्याकडं बघायला लागला. शोभा खोक्यात तोंड घालून बसली.

"मी जरा भट्टी बघून येतो," मी म्हणालो.

भट्टी तर बंद होती.

*

सोनारांच्या दुकानातली माती झाडून नेतात, धुतात आणि तिच्यातनं सोन्याचे कण काढतात, ती झारेकरी माणसं तुम्ही बघितली असतील. नानांनी सांगितलं म्हणून एक झारेकरीणबाई आमच्या शेडात आल्या. बोलायला फार गोड.

त्यांनी आधी जमीन झाडली. मग टेबलाखालचं पोतं मागितलं. मग धूर ओढणाऱ्या पंख्याची काजळी खरवडून घेतली. "मालकाचे जुने शर्ट असले तर तेबी द्या," म्हणाल्या. "कापडात लई बसतंय."

शमीमला हे आवडलं. कितीतरी दिवसांपासून तिला ते शर्ट घालवायचेच होते. तिनं बोचकं आणून दिलं. त्यात रफिकचा ईदला घालायचा म्हणून घेतलेला शर्टही गेला, हे त्याला ईदलाच कळलं!

सगळं बांधून झालं. बाई कमरेवर हात ठेवून शेडाच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि वर बघायला लागल्या. बराच वेळ बघत होत्या. ओठ हलत होते.

"दादा," त्यांनी रफिकला विचारलं, "पत्रे कितीला देता?"

*

दिवाळी आठवड्यावर आली आणि परदेशातला साहेब स्वतः आला. ऑर्डर त्याचीच. रंग त्याला पसंत होता. पण प्रत्येक लॉकेटाबरोबर एक कार्ड जाणार होतं, आणि त्या कार्डावर छापायचं होतं, की ह्यात खरं सोनं आहे. ते खोटं निघालं तर तिकडं त्याला कोर्टात उभं राहावं लागणार. मॅडमनी हे सगळं आम्हाला समजावून सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "त्यांची खात्री झाली तर आजच सही. नाही झाली, तर मी काही करू शकत नाही."

रफिकनं त्याच्यासमोर धुरी दिली. त्या दिवसासारखी धुरी त्यानं कधी दिली नव्हती. साहेबानं सगळं निरखून बघितलं आणि मॅडमना काही तरी म्हणाला.

"ते म्हणतात, धूर बघितला," मॅडम म्हणाल्या. "पण ते मोहरीएवढं पिवळं काय होतं, सोनं का पितळ, हे मला कसं कळणार? सोनं कुठून येतं ते दाखवा."

मग सगळे मॅडमच्या गाडीतनं दौंडला. रफिक, मी, साहेब, मॅडम. शोभा शेडातच राहिली. निघताना मला म्हणाली, "आबा, नानांना सांगा, आज तरी जास्त बोलू नका." वाटेत रफिक नुसतं लॉकेट रुमालानं पुसत होता. पास झालेला नमुना होता तो. पुढचा सगळा माल त्याच्या रंगाला जुळवायचा होता.

नानांनी सगळ्यांना गादीवर बसवलं. मॅडमना उकडत होतं, म्हणून पंखा लावला. एरवी सोनार पंखा लावत नाही, तोलताना काटा हलतो. साहेबानं दुकान न्याहाळलं. नानांच्या डोक्यामागं एक पाटी होती, जुनी, रंग उडालेली. साहेबानं बोट दाखवून मॅडमना विचारलं, काय लिहिलंय?

मॅडमनी वाचलं. "आमच्याकडील सोने केव्हाही परत घेतले जाईल."

इंग्रजीतही सांगितलं. साहेब हसला. त्यानं रफिकच्या हातातनं लॉकेट घेतलं, नानांच्या पुढं ठेवलं आणि दोनच शब्द बोलला.

"ते म्हणतायत, घ्या परत," मॅडम म्हणाल्या.

रफिकचा चेहरा पांढरा पडला. नाना 'ही काच' म्हणाले, की संपलं. नानांनी कसोटीचा दगड काढला, तरी संपलं. काचेवरच्या धुराचा कस दगडावर काय उठणार!

नानांनी लॉकेट उचललं. चष्म्याच्या वरनं माझ्याकडं बघितलं.

"आबा, माझंच का?"

"तुमचंच, नाना."

"दुसरीकडचं काही नाही ना ह्यात?"

"न्हाई."

नानांनी दगड काढला नाही. गल्ल्याशेजारची तार घेतली, कात्रीनं तिचा एक कण कापला. तिळापेक्षाही बारीक. कागदावर ठेवला आणि साहेबापुढं केला. "ह्यात आहे ते एवढंच आहे," ते म्हणाले. "जेवढं माझं, तेवढं परत."

साहेबानं कागद घ्यायला हात पुढं केला आणि पंख्याचा वारा आला. कण उडाला!

मग काय विचारता! मॅडम खाली, रफिक खाली, साहेब त्याच्या पांढऱ्या विजारीत गुडघ्यांवर. गादी उचलली, बाकडं सरकवलं. माझे गुडघे वाकत नाहीत, मी पाय वर घेऊन बसलो.

"राहू द्या," नाना म्हणाले. "दुकानातलं दुकानातच आहे. झारेकरीण काढील."

आणि सगळे खाली असतानाच त्यांनी लॉकेट तिजोरीत ठेवलं, दार लावलं, किल्ली फिरवली.

रफिक ताडकन उठला. "नाना! नमुना हाय तो! सगळा माल त्याच्यावरनं जुळवायचाय!"

"होता तुमचा," नाना म्हणाले. "आता मोडीत आला. मी सोनं परत घेतलं, मोबदला दिला. तो उडाला, त्याला मी काय करणार?"

साहेबानं गुडघे झटकले आणि मॅडमकडं बघितलं. मॅडम बराच वेळ इंग्रजीत बोलल्या. साहेबानं मध्येच दोनदा तिजोरीकडं बघितलं. मग मॅडम नानांकडं वळल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"नाना, साहेबांना ते परत हवंय."

"मिळेल की," नाना म्हणाले. "त्यांना विचारा, काच म्हणून पाहिजे का सोनं म्हणून? काच आम्ही विकत नाही."

मॅडमनी विचारलं. साहेबानं पाटीकडं बघितलं. तिजोरीकडं बघितलं. रफिककडं बघितलं.

"गोल्ड," साहेब म्हणाला.

"मग बसा म्हणावं," नाना म्हणाले आणि त्यांनी पंखा बंद केला.